एकशे बाराव्या पानावरची बाकी

समजा, तुमच्यासमोर टेबलावर बारा बटणं ठेवली आहेत. ती ओळींत मांडायची आणि सगळ्या ओळी सारख्या हव्यात. कुणी सहा-सहाच्या दोन ओळी करील, कुणी चार-चारच्या तीन. बारा ही मनमिळाऊ संख्या आहे, कशीही बसवा, बसते. आता डब्यातलं आणखी एक बटण त्यांत टाका. तेरा झाली. मांडा बघू. दोन-दोनच्या ओळी करून बघा, तीन-तीनच्या करा, पाच-पाचच्या करा. दर वेळी काहीतरी हातात उरतंच. तेराला एकच लांबलचक रांग चालते, दुसरं काही म्हणजे काही चालत नाही. अशा संख्यांना शाळेत मूळ संख्या म्हणतात. ज्या घरची ही गोष्ट आहे, त्या घरात मात्र त्यांना एकलकोंड्या म्हणायचे.

आता बटणं बाजूला सारा आणि एक मोठी संख्या मनात आणा. पाच लाख सहा हजार नऊशे एक्कावन्न. एवढ्या बटणांच्या सारख्या ओळी होतील का, की हीसुद्धा एकलकोंडीच? नुसतं बघून नाही सांगता येत. शेवटी एक आहे, म्हणजे दोनच्या आणि पाचच्या ओळी होणार नाहीत. सगळ्या आकड्यांची बेरीज सव्वीस, म्हणजे तीनच्याही नाहीत. त्यापुढचं भागाकार करूनच कळतं. तो भागाकार एका माणसाने कसा केला आणि तो कुठे राहून गेला, हे मुंगीला कळलं त्याची ही गोष्ट.

मुंगी अकरा वर्षांची होती. हे नाव तिला आजोबांनी दिलेलं, कारण ती जिना चढताना पायऱ्या मोजायची आणि मोजणी चुकली तर मुकाट्याने खाली उतरून पुन्हा पहिलीपासून चढायची. चढायच्या तरी किती, तर चौपन्न. वर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तळमजल्यावर चष्म्याचं दुकान, तिथे मुंगीची आई काचा घासून चौकटीत बसवायची. घरात ही तिघंच. आजोबा म्हणजे आईचे वडील.

आजोबांनी चाळीस वर्षं छापखान्यात नंबर मारले. दवाखान्याचे केसपेपर, परीक्षेच्या उत्तरपत्रिका, प्रवेशाचे अर्ज, ज्या ज्या कागदावर कोपऱ्यात आकडा असतो तो आकडा त्यांच्या हातून उमटायचा. त्यासाठी एक हातातलं नंबरिंग मशीन असे. वर लाकडी मूठ, पोटात सहा पोलादी चाकं. मूठ दाबली की कागदावर आकडा उठायचा आणि शेवटचं चाक एक घर पुढे सरकायचं. बाजूला पितळेचा छोटा काटा होता. तो वर ठेवला तर आकडा दर ठोक्याला पुढे जाई, खाली ओढला तर तोच आकडा पुन्हा पुन्हा उमटे.

टेबलाच्या समोरच्या बाजूला बसायची तपासनीस. त्या छापखान्याचा नियमच होता की एकाने ठोकलेला गठ्ठा दुसऱ्याने तपासल्याशिवाय बाहेर जायचा नाही. एखादा आकडा गळला नाही ना, एखादा दोनदा उठला नाही ना, हे ती बघायची आणि सगळं ठीक असेल तर वरच्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीकशी आकडी काढायची, गळाला असते तशी. ती तपासनीस म्हणजेच पुढे मुंगीची आजी.

मग एका दुपारी छापखान्यात आपोआप नंबर मारणारी मोठी यंत्रं आली आणि फोरमनने हाताचं काम होतं तिथे थांबवलं. निदान गोल आकड्यापर्यंत तरी जाऊ द्या, असं आजोबा म्हणाले म्हणे, पण कागदच आत नेले गेले. आजोबांचा शेवटचा ठोका पाच लाख सहा हजार नऊशे एक्कावन्नवर पडला. तो मारतानाच त्यांनी पितळी काटा खाली ओढला होता, म्हणून चाकं त्याच आकड्यावर राहिली. मशीन त्यांनाच देऊन टाकलं होतं. ते खिशात घालून दोघं घरी आली.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात दोघांची पैज लागली. आजोबांचं म्हणणं, ही संख्या एकलकोंडी असणार, तोंडावरूनच दिसतंय. आजी म्हणाली, एवढ्या मोठ्या संख्येला जगात कुणीच नाही असं कसं होईल, कुठेतरी असेल की तिची जोडी, तुम्हाला शोधायचा कंटाळा. हरणाऱ्याने महिनाभर सकाळचा चहा करायचा, असं ठरलं.

शोधणं तसं वाटतं तेवढं अवघड नव्हतं. सातशे बाराला सातशे बाराने गुणलं तर पाच लाख सहा हजार नऊशे चव्वेचाळीस होतात, म्हणजे आपल्या संख्येहून फक्त सात कमी. जोडीतले दोघंही सातशे बाराहून मोठे असते, तर त्यांचा गुणाकार संख्येच्या बाहेर गेला असता. म्हणून दोघांतला धाकटा सातशे बाराच्या आतच सापडायला हवा. आणि तेवढ्या टापूत मूळ संख्या आहेत एकशे सत्तावीस. एकेकीने भागून बघायचं, बस.

आजोबा ते काम एका दिवसातही उरकू शकले असते. पण चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला रिकामा दिवस खायला उठतो. त्यांनी रोज एकच भागाकार करायचं ठरवलं. छापखान्यातला त्यांचा दोस्त बाइंडर होता, त्याने उरलेल्या कोऱ्या कागदांची वही बांधून दिली. दर सकाळी आजोबा नव्या पानावर माथ्याला मशीनने तोच आकडा उठवायचे, खाली तारीख घालायचे, भाजक लिहायचे आणि भागाकार करायचे. संध्याकाळी आजी ताळा बघायची, म्हणजे भागाकाराला भाजकाने गुणायचं, त्यात बाकी मिळवायची आणि मूळची संख्या परत येते का ते पाहायचं. आली की डाव्या कोपऱ्यात आकडी. दोनने बाकी एक. तीनने दोन. पाचने एक, सातने चार, अकराने पाच, तेराने तीन. रोज काहीतरी उरायचं आणि रोज आजी म्हणायची, बरं, उद्या बघू.

एकशे अकरा पानांवर तिची आकडी होती. एकशे बाराव्या पानापासून पुढे नव्हती. मुंगी तेव्हा चार वर्षांची होती. तिला आजीचा फक्त हात आठवायचा, बोटाला पेन्सिलीचा काळा डाग असलेला.

आता ते मशीन आजोबांच्या उशाशी असायचं. त्यांची नजर गेली होती, पायांतलं बळ गेलं होतं, आणि डॉक्टरांनी आईला दाराबाहेर नेऊन दीड महिना धरून चला, असं सांगितलं होतं. दार पातळ होतं. मुंगीने ऐकलं आणि आजोबांनीही. त्याच संध्याकाळी त्यांनी मुंगीला वही काढायला लावली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. काम पुरं झालं, एकशे सत्तावीस भागाकार झाले, एकही सुटला नाही, संख्या एकलकोंडी ठरली, पैज ते जिंकले. पण शेवटची सोळा पानं तपासलेली नाहीत. तपासल्याशिवाय गठ्ठा बाहेर जात नाही. तेव्हा मुंगीने तपासनीस व्हावं. आणि तपासायचं तर पहिल्या पानापासून. आजीच्या खुणा आहेत म्हणून सोडायचं नाही, कारण तपासणाऱ्याने कुणावर भरवसा टाकला की तो तपासनीस राहिला नाही.

मुंगीला हे काम भारी आवडलं. शाळेतून आली की ती टेबलाशी बसून दहा पानांचे ताळे बघायची आणि मग पलंगाजवळ स्टूल ओढून त्या पानांच्या बाक्या आजोबांना वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकायचे. मधेच एखादीला दाद द्यायचे, ही फार थोडक्यात हुकली बघ. मधेच शिकवायचे. भागाकार म्हणजे वाटणी, असं ते सांगायचे. वाटे घालत जायचं. जे उरतं ते भाजकाहून लहानच हवं. भाजकाएवढं किंवा जास्त उरलं, तर त्याचा अर्थ एकच, अजून एक वाटा घालायचा राहिलाय. मुंगीला हे तिसरीपासून ठाऊक होतं, पण ती तसं म्हणायची नाही.

बाराव्या दिवशी एकशे अकरा ते एकशे वीस ही पानं आली. मुंगीने टेबलाशी बसून ताळे घातले. एकशे बाराव्या पानावर भागाकार आठशे सव्वीस होता. सहाशे तेरा गुणिले आठशे सव्वीस, पाच लाख सहा हजार तीनशे अडतीस. त्यात बाकी मिळवली. बरोबर संख्या आली. तिने पेन्सिलीने ठिपका दिला आणि पान उलटलं. दहाही पानं झाल्यावर ती स्टुलावर जाऊन बसली.

"एकशे अकरा. सहाशे सात. बाकी एकशे सहा," तिने वाचलं. "एकशे बारा. सहाशे तेरा. बाकी..."

बाकी सहाशे तेरा होती.

ताळा घालताना ती आकड्यांच्या मागे धावत होती, म्हणून दिसलं नव्हतं. मोठ्याने वाचताना दोन्ही आकडे एकामागोमाग तोंडात आले. तिने पानाकडे नीट पाहिलं. पाच हजार एकोणसत्तरातून चार हजार नऊशे चार गेले, एकशे पासष्ट. सोळाशे पंचावन्नातून बाराशे सव्वीस गेले, चारशे एकोणतीस. चार हजार दोनशे एक्क्याण्णव, आणि इथे आजोबांनी सहाचा भाग लावला होता. तीन हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर वजा झाले. उरले सहाशे तेरा. खाली दोन रेघा मारून टाकल्या होत्या. ताळा जुळेल इतकं सगळं बरोबर होतं. फक्त एक वाटा घालायचा राहिला होता, आणि तो घातला असता तर खाली काहीच उरलं नसतं.

"पुढे?" आजोबा म्हणाले.

मुंगीची नजर तारखेवर गेली. ती तारीख तिला पाठ होती. समोरच्या भिंतीवर आजीच्या फोटोखाली तीच लिहिलेली होती.

"इथे शाई पसरलीय, आजोबा. वाचता येत नाही."

आजोबा हळूच म्हणाले, बरं, पुढचं वाच. तिने वाचलं. सहाशे सतरा, बाकी तीनशे चौऱ्याण्णव. त्या पानावरची तारीख पावणेदोन महिन्यांनंतरची होती.

वाचून झाल्यावर ती चौपन्न पायऱ्या न मोजता उतरली आणि दुकानात गेली. आई दिव्याखाली काच धरून कडा बघत होती. मुंगीने तिच्यापुढे वही उघडून ठेवली आणि बोटाने दाखवलं. आईला हिशोबाचं प्रेम बेताचंच, पण हे कळायला फार काही लागत नव्हतं. तिने काच खाली ठेवली. बराच वेळ ती पुसायच्या कापडाशी चाळा करत राहिली, आणि मग त्या दिवसाचं सांगितलं, जे मुंगीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आजी चार दिवस दवाखान्यात होती. आजोबा तिच्या खाटेपासून हलत नव्हते, पण रोज सकाळी ती त्यांना घरी पिटाळायची, अंघोळ करा, आजचा भागाकार करा आणि वही मला आणून दाखवा, नाहीतर पैज माझी. त्या सकाळीही पाठवलं. आजोबा धावतपळत आले, उभ्याउभ्याच भागाकार केला आणि तसेच परत गेले. आजीचा श्वास तेव्हा वर लागला होता. तिने डोळ्यांनीच विचारलं. आजोबा म्हणाले, उरली. आजीने ओठ हलवले. उद्या बघू, असंच म्हणाली असेल, आईला नीट ऐकू आलं नाही. दुपारपर्यंत ती गेली.

"बाबांनी आईला शेवटचं जे सांगितलं, ते हे," मुंगीची आई म्हणाली. "आता ते खोटं होतं म्हणून कोण सांगणार त्यांना? राहू दे, मुंगे. ती संख्या एकलकोंडी राहिली म्हणून कुणाचं काही अडत नाही."

मुंगीलाही ते पटलं. खरंच कुणाचं अडत होतं? तेराव्या दिवशी तिने उरलेली सात पानं तपासली आणि वाचली. शेवटची सातशे नऊ, बाकी सोळा. आजोबा म्हणाले, मग घाल आकड्या. तिने पंधरा पानांवर आकड्या घातल्या. एकशे बाराव्यावर पेन्सिल टेकवली आणि उचलली. घातली, असं मात्र ती म्हणाली नाही. उद्या घालते, म्हणाली.

रविवारी बाइंडर आला. बोटांना जन्मभराची खळ चिकटलेली, आवाज जिन्यापासून ऐकू येणारा. त्याने आल्या आल्या आजोबांची खेचायला सुरुवात केली, की अरे, तुझ्याहून जुन्या वह्या मी शिवून उभ्या केल्यात, तू कसला झोपतोस. मग मुंगीला त्याने पुन्हा एकदा ती गोष्ट सांगितली, की हा साधासुधा दिसणारा माणूस तरुणपणी गुपचूप पितळी काटा खाली ओढायचा आणि एकाच नंबरचे दोन केसपेपर काढायचा, का, तर तपासनीसबाईंना टेबलाला वळसा घालून भांडायला यावं लागावं. सहा महिने फोरमन कागद वाया जातात म्हणून तक्रार करत होता. आजोबा हसले आणि हसताना त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, मी काहीही केलं असेल, पण शाई कधी पसरवली नाही. बाइंडर म्हणाला, चाळीस वर्षांत एकदा पसरली असेल, देवमाणसा. मुंगी खाली मान घालून बसली.

बाइंडर निघाला तेव्हा ती त्याला पोचवायला खालपर्यंत गेली. विसाव्या पायरीवर तिने विचारलं, की एखादी चूक सापडली आणि ती सांगितली तर ठोकणाऱ्याला फार त्रास होणार असेल, तर तपासनीस काय करत असे. बाइंडर थांबला. त्याने आकडा विचारला नाही, पान विचारलं नाही. म्हणाला, एकदा फोरमननेच तुझ्या आजीला सांगितलं होतं, बाई, एका कागदाने काय होतंय, जाऊ दे, त्या पोराची नोकरी जाईल. आजीने त्या पोराची बाजू घेऊन मालकाशी भांडण केलं, नोकरी वाचवली, पण गठ्ठा सोडला नाही.

"काय म्हणाली माहीत आहे? माझ्या खुणेखालून एक चुकीचा गेला, तर मग बरोबरचे कोणते, हे कशावरून सांगू?"

मुंगी वर आली. वहीत एकशे अकरा आकड्या होत्या, आजीच्या हातच्या.

सोमवारी शाळेतून आल्यावर तिने हात धुतले, वही घेतली आणि स्टूल ओढलं.

"शाई पसरली नव्हती, आजोबा."

"ते मला ठाऊक आहे," आजोबा म्हणाले. "काय आहे तिथे?"

"बाकी सहाशे तेरा."

त्यांचे ओठ हलू लागले. भाजक त्यांनी विचारला नाही. तो त्यांना पाठ असणार. खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं लोखंडी दार खडखडत वर सारलं. मुंगी वाट बघत राहिली.

"कर," ते म्हणाले. "मोठ्याने."

तिने केलं. आठचा भाग, दोनचा भाग, मग सातचा. सहाशे तेरा साती चार हजार दोनशे एक्क्याण्णव. तिचा आवाज शेवटी फार बारीक झाला.

"बाकी?"

"शून्य."

आजोबांनी हात लांब करून उशाशी चाचपलं, त्यांना मशीन सापडलं. त्याची मूठ त्यांनी धरली आणि सोडली.

"तिने विचारलं होतं," ते म्हणाले. "मी म्हणालो, उरली. मी तिला चुकीचं सांगून पाठवलं."

एवढं बोलून ते भिंतीकडे वळले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, पाणीसुद्धा मुंगीच्या हातून घेतलं नाही. आईने विचारलं, सांगितलंस? मुंगीने मान डोलावली. आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने आजोबांचं भरलेलं ताट ओट्यावर झाकून ठेवलं आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

सकाळी मुंगी दप्तर भरत होती तेव्हा आतून हाक आली. आजोबा उशीला टेकून बसले होते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा, चेहरा ओघळला होता. पण प्रश्न होता तो नेहमीसारखाच.

"आठशे सत्तावीसचं काय? तो तपासलास?"

मुंगीला ते सुचलंच नव्हतं. सहाशे तेराची चौकशी करायचं कारण नव्हतं, तो मूळ संख्यांच्या यादीतलाच होता. पण त्याचा जोडीदार आठशे सत्तावीस, त्याच्या आणखी सारख्या ओळी होत असतील तर? आजोबा म्हणाले, तेवीसपर्यंत बघ, पुरे, एकोणतीसचा वर्ग बाहेर जातो. ती दप्तर खांद्यावर तसंच ठेवून भागत गेली. सातने एक उरला. अकराने दोन. तेराने आठ, सतराने अकरा, एकोणीसने दहा. तेवीसने बावीस.

"बावीस," आजोबा म्हणाले. "एकाने हुकलं. म्हणजे तोही एकलकोंडाच."

"म्हणजे दोघंच," मुंगी म्हणाली.

"दोघंच."

मग तिने विचारलं, ती सहाशे तेरा बाकी खोडू का. आजोबांनी मान हलवली. खोडायचं काही नाही. दोन रेघांच्या खाली जागा आहे ना, तिथे एक वाटा आणखी घाल. हा भागाकार चुकलेला नाही, राहिलेला आहे. मुंगीने सहाशे तेराखाली सहाशे तेरा लिहिले, वजा केले, शून्य काढलं, आणि वरच्या सव्वीसाचे सत्तावीस केले. डाव्या कोपऱ्यात आकडी घातली. आजोबांनी तिथे बोट फिरवलं, जणू पेन्सिल हाताला लागते.

"हरलो मी," ते म्हणाले. "महिनाभर चहा लागतो तिला."

त्यांना उभं राहता येत नव्हतं, म्हणून चहा मुंगी करायची. तिघांचे तीन कप आणि एक जादा. जादा कप ती आजोबांच्या हातात द्यायची, साखर तेच घालायचे, चमच्याने हळूहळू ढवळायचे आणि मग फोटोखालच्या फळीवर ठेवायला सांगायचे. पुष्कळदा ढवळताना चहा बशीत सांडायचा. त्या सकाळनंतर ते फारसं काहीच म्हणेनासे झाले. बाइंडरने त्यांची पुन्हा खेचून पाहिली, पण ते नुसते हसले. एकदा मात्र आईला म्हणाले, की त्या दिवशी मी उभ्याउभ्या केला गं, बसून करायला हवा होता. आई म्हणाली, बाबा, पुरे आता. ते म्हणाले, हो.

असे अकरा कप झाले. बाराव्या सकाळी मुंगी कप घेऊन गेली तेव्हा त्यांनी हात पुढे केला नाही.

डॉक्टरांनी सांगितलेल्या दीड महिन्यातले बरेच दिवस अजून शिल्लक होते. आपण ती बाकी सांगितली नसती तर ते दिवस मिळाले असते का, हे मुंगीने आईला विचारलं. आईने तिला जवळ घेतलं आणि खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. मुंगीने मग दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. हा एक भागाकार तिला कुणीच करून दाखवू शकणार नव्हतं.

पलंग आवरला गेला. कपडे बांधून झाले. बाइंडरने वही नेली आणि तिला जाड पुठ्ठा घालून परत आणून दिली. या वेळी त्याचा आवाज जिन्यापासून आला नाही.

मुंगी रोज सकाळी जादा कप करत राहिली. साखर घालायची, ढवळायची, फळीवर ठेवायची. आई बघायची आणि दुकान उघडायला खाली जायची. महिन्याचे तीस, त्यातले अकरा झालेले. एकोणीस सकाळी तिने न चुकता हे केलं आणि एकोणिसाव्या दिवशी तो कप धुऊन, पुसून फडताळात ठेवला.

त्या दुपारी ती टेबलाशी बसली. वहीत एकशे सत्तावीस पानांनंतर बरीच कोरी पानं होती. तिने मशीन पुढे ओढलं आणि पितळी काट्यावर अंगठा ठेवला. सात वर्षांत तो कुणी हलवला नव्हता, घट्ट बसला होता. तिने जोर लावून तो वर केला. शाईच्या पेटीवर चाकं टेकवून मूठ दाबली. पाच लाख सहा हजार नऊशे एक्कावन्न उमटले, आणि आत कुठेतरी खट् झालं. तिने त्या आकड्याच्या शेजारी लिहिलं, सहाशे तेरा गुणिले आठशे सत्तावीस.

मग तिने पान उलटलं आणि पुन्हा मूठ दाबली. पाच लाख सहा हजार नऊशे बावन्न. शाई कुठेही पसरली नव्हती. तिने खाली तारीख घातली, खुर्ची टेबलाजवळ ओढून नीट बसली, आणि भाजकाच्या जागी लिहिलं, दोन.